शेजारी देशांच्या संघटना आपसातली भांडणं कशी हाताळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत शनिवारी संध्याकाळी आंतरराष्ट्रीय घडामोडींवर चर्चा होते. येणारी बहुतेक मुलं एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी असतात. नेरूळ, खारघर, उलवे भागातल्या मर्चंट नेव्हीतल्या लोकांच्या घरूनही प्रश्न येतात, कारण घरचं माणूस ज्या समुद्रातून जातं तिथली भांडणं त्यांच्यासाठी दूरची नसतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रादेशिक संघटना म्हणजे नेमकं काय? नेटो, ब्रिक्स, जी-२० हे सगळं त्यातच येतं का?

नाही. एका भूभागातल्या देशांनी सनद करून, सचिवालय उभारून, आपसातले प्रश्न हाताळण्यासाठी बनवलेली संघटना ती प्रादेशिक संघटना. आफ्रिकी संघ, आग्नेय आशियातली आसियान, दक्षिण आशियातली सार्क, अरब लीग, अमेरिका खंडातली ओएएस ही ठळक उदाहरणं. ब्रिक्स आणि जी-२० हे शेजाऱ्यांचे गट नाहीत, त्यामुळे ते बाजूला ठेवा.

नेटोबद्दल मात्र मुलं हमखास चुकतात. नेटोचा पाया सामूहिक स्वसंरक्षण हा आहे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१. बाहेरच्या शत्रूने एकावर हल्ला केला तर सगळ्यांनी धावून जायचं. प्रादेशिक संघटनेची नजर आत असते, आपल्याच सदस्यांच्या भांडणांकडे, आणि तिचा पाया सनदेच्या आठव्या प्रकरणात आहे. १९७४ मध्ये सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान समोरासमोर आले तेव्हा दोघेही नेटोचे सदस्य होते. त्या भांडणासाठी नेटो बनलेलीच नव्हती.

२. शेजाऱ्यांचं भांडण आधी शेजाऱ्यांनीच मिटवावं, असं कुठे लिहिलं आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या आठव्या प्रकरणात, कलम ५२ ते ५४. कलम ५२ सांगतं की स्थानिक वाद सुरक्षा परिषदेकडे नेण्याआधी प्रादेशिक पातळीवर शांततेने सोडवण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा. कलम ५३ सांगतं की सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय प्रादेशिक संघटनेने बळाची कारवाई करू नये. कलम ५४ नुसार जे काही चाललं आहे किंवा करायचं ठरलं आहे ते परिषदेला कळवत राहायचं. ही तीन कलमं पाठ असतील तर प्रश्न ८, १४ आणि १५ आपोआप उलगडतात.

३. आमच्या वाशीच्या सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला की कमिटी मिटवते. हे तसंच आहे ना?

अर्धंच. कमिटीचं कोणी ऐकलं नाही तर वर उपनिबंधक असतो, सहकार न्यायालय असतं आणि शेवटी त्यांचा आदेश पाळावा लागतो. देशांच्या वर असा उपनिबंधक नाही. सुरक्षा परिषद आहे, पण तिथे पाच देशांकडे नकाराधिकार आहे. म्हणून प्रादेशिक संघटनेला जवळजवळ प्रत्येक पावलावर भांडणाऱ्या देशाची संमती मिळवावी लागते. ती कशी मिळवायची, हीच तिची खरी कला.

४. भांडण पेटण्याआधीच काही करतात का, की फक्त आग लागल्यावर धावतात?

करतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम तेच आहे. पेटलं नाही ते बातमीत येत नाही, म्हणून या कामाची कोणी दखल घेत नाही इतकंच.

पूर्व आफ्रिकेतल्या इगाड या संघटनेने २००२ मध्ये पूर्वसूचनेची एक यंत्रणा सुरू केली, तिचं नाव सीवॉर्न. केनिया, युगांडा, इथियोपिया आणि दक्षिण सुदान यांच्या सीमा जिथे भिडतात त्या करामोजा पट्ट्यात पशुपालक जमाती एकमेकांची गुरं पळवतात. हातात बंदुका आल्यापासून त्यात माणसं मरू लागली आणि सीमेपलीकडचा दरोडा दोन देशांमधला प्रश्न बनू लागला. सीवॉर्नचे स्थानिक निरीक्षक पाऊस किती झाला, चराऊ रानं कुठे सुकली, कळप कुठे सरकले, कुठे चोरी झाली याच्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात पाठवतात. दुष्काळात कळप सीमा ओलांडणार असं दिसलं की दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठांना आणि अधिकाऱ्यांना आधीच एकत्र बसवायचं, हा हेतू. प्रत्येक वेळी साधतं असं नाही. सूचना वेळेवर येते आणि सरकार हलत नाही, असंही होतं.

युरोपात ओएससीई या ५७ देशांच्या संघटनेने १९९२ मध्ये अल्पसंख्याकांसाठी उच्चायुक्ताचं पद निर्माण केलं. बाल्टिक देशांतल्या रशियन भाषकांच्या नागरिकत्वाच्या प्रश्नावर या कार्यालयाने नव्वदच्या दशकात सरकारांना पत्रं लिहून, कायद्यातली कलमं बदलायला लावून, तणाव निवळत ठेवला. हे काम गाजावाजा न करता चालतं आणि तसंच चालावं लागतं.

युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असतं. १९५१ च्या पॅरिस करारानं फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी युद्धसामग्रीचा कच्चा मालच सामाईक नियंत्रणाखाली आणला. ते इथे लांबवत नाही.

५. आणि पेटलंच तर? पहिल्या दिवसापासून काय काय होतं ते एखाद्या उदाहरणाने सांगा.

१९६९ चं एल साल्वादोर आणि होंडुरास यांचं युद्ध घेऊ. ‘फुटबॉल युद्ध’ म्हणून ते ओळखलं जातं, कारण त्या जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांवरून दोन्हीकडे दंगली झाल्या. मूळ दुखणं जमिनीचं होतं. एल साल्वादोरमध्ये जमीन कमी आणि माणसं जास्त, म्हणून सुमारे तीन लाख लोक होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होते. होंडुरासने जमीन सुधारणा कायदा वापरून त्यांना हुसकावायला सुरुवात केली.

१४ जुलैला एल साल्वादोरचं सैन्य सीमा ओलांडून आत घुसलं. ओएएसच्या परिषदेची तातडीची बैठक बसली आणि १८ जुलैच्या रात्री शस्त्रसंधी ठरली. ती २० जुलैपासून पूर्णपणे अमलात आली. लढाई सुमारे शंभर तास चालली. पण एल साल्वादोर माघार घ्यायला तयार नव्हता. होंडुरासमध्ये राहिलेल्या आमच्या लोकांच्या जिवाची हमी द्या, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा ओएएसने दोन गोष्टी एकदम केल्या. एकीकडे सदस्य देशांचे परराष्ट्रमंत्री जमवून आर्थिक निर्बंधांचा इशारा दिला. दुसरीकडे त्या लोकांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवण्यासाठी निरीक्षकांची व्यवस्था केली. ऑगस्टच्या सुरुवातीला सैन्य मागे गेलं.

धाक आणि माघारीची सन्मान्य वाट, दोन्ही एकाच वेळी लागतात. नुसता धाक दिला असता तर एल साल्वादोरच्या सरकारला घरी तोंड दाखवता आलं नसतं.

पुढे काय झालं तेही पाहा. शांतता करार १९८० मध्ये झाला आणि सीमेचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. संघटनेने बंदुका थांबवल्या, मूळ वाद तिने सोडवला नाही. बहुतेक ठिकाणी असंच घडतं आणि त्याला मी अपयश म्हणणार नाही.

६. शांतिसेना पाठवायची तर सैनिक कोणाचे आणि पगार कोण देतं?

सैनिक सदस्य देशांचे. पैशाचं मात्र कोडं आहे आणि घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

सोमालियातली आफ्रिकी संघाची मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला युगांडाचे सैनिक गेले, मग बुरुंडीचे, पुढे इतरांचे. ऐन भरात तिथे बावीस हजारांहून जास्त सैनिक, पोलीस होते. त्यांचे भत्ते मुख्यतः युरोपीय संघ देत होता आणि रसद संयुक्त राष्ट्रांकडून जात होती. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भत्त्यांत वीस टक्के कपात केली तेव्हा सैन्य देणाऱ्या देशांनी उघड नाराजी व्यक्त केली. म्हणजे मरायला आफ्रिकी सैनिक आणि तिजोरीची किल्ली ब्रसेल्समध्ये.

डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २७१९ मंजूर केला. त्यानुसार आफ्रिकी संघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च, प्रत्येक वेळी वेगळा निर्णय घेऊन, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून देता येतो. तत्त्व म्हणून ही मोठी गोष्ट आहे. सोमालियातल्या मोहिमेला मात्र २०२५ मध्ये नव्या नावाने सुरुवात झाल्यावरही निधीसाठी दारोदार फिरावं लागलं. एखादी संघटना किती स्वतंत्र आहे हे तपासायचं असेल तर तिच्या भाषणांआधी तिचा हिशेब वाचा.

७. आसियानवाले तर नुसत्या बैठका घेतात आणि फोटो काढतात. त्यांना इतकं महत्त्व का?

हा प्रश्न दर बॅचमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. आसियान बँकॉकमध्ये ८ ऑगस्ट १९६७ रोजी स्थापन झाली. त्याच्या थोडंच आधी, १९६३ ते १९६६, इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात बोर्निओच्या जंगलात सशस्त्र संघर्ष चालू होता. मलेशियातून सिंगापूर १९६५ मध्ये वेगळं झालं तेही कटुतेने. मलेशियातल्या साबा प्रांतावर फिलिपाइन्सचा दावा होता. असे एकमेकांवर संशय असलेले देश, थायलंडसह, एका टेबलाशी बसले.

१९७६ च्या बाली करारात त्यांनी एकमेकांविरुद्ध बळ न वापरण्याचं, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं. वाद सोडवायला ‘उच्च मंडळ’ही ठेवलं. ते मंडळ आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही. टीकाकार याच मुद्द्यावर बोट ठेवतात. पण त्याच काळात इंडोनेशिया-मलेशियाने सिपादान आणि लिगितान बेटांचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि २००२ चा निकाल इंडोनेशियाने मुकाट्याने मान्य केला. मलेशिया-सिंगापूरने पेद्रा ब्रांका बेटाचं तसंच केलं, निकाल २००८ चा. संघटनेचं मंडळ बाजूला राहिलं, पण न्यायालयात जाणं म्हणजे शत्रुत्व नव्हे इतका विश्वास त्या बैठकांनीच तयार केला, असं मला ठामपणे वाटतं. मंत्री एकमेकांना वर्षातून कितीतरी वेळा भेटत असतील तर वाईट बातमीचा पहिला फोन ओळखीच्या माणसाला जातो.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एक सदस्यही गाडी अडवू शकतो. २०१२ मध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्राच्या मुद्द्यावरून परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदनच निघालं नाही. ४५ वर्षांत असं पहिल्यांदा झालं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, एप्रिलमध्ये जकार्तात पाच कलमी सहमती झाली आणि लष्कराने ती पाळली नाही. आसियानने लष्करप्रमुखाला शिखर परिषदेला बोलावणं बंद केलं. तिच्या स्वभावाच्या मानाने हे कडक पाऊल होतं, म्यानमारच्या लोकांच्या मानाने फारच तोकडं.

८. मग थायलंड आणि कंबोडिया २०२५ मध्ये का लढले? दोघेही आसियानचेच ना?

हो. वाद जुना आहे: प्रेआह विहेअर मंदिर आणि आसपासची सीमा. मंदिर कंबोडियाचं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्येच दिला होता. भोवतालच्या जमिनीवरून वाद उरला. २००८ ते २०११ मध्ये चकमकी झाल्या तेव्हा कंबोडिया सुरक्षा परिषदेत गेला आणि परिषदेने, कलम ५२ च्या धाटणीने, प्रश्न आसियानकडे परत पाठवला. तेव्हाचा अध्यक्ष इंडोनेशिया. निरीक्षक पाठवायचं ठरलं, पण ते गेलेच नाहीत, कारण थायलंडच्या सैन्याला ते नको होते.

जुलै २०२५ मध्ये पाच दिवस तोफा आणि विमानं वापरून लढाई झाली, लाखो लोक घरं सोडून पळाले. २८ जुलैला मलेशियातल्या पुत्रजया इथे, आसियानचे अध्यक्ष या नात्याने अन्वर इब्राहिम यांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. पण खोलीत अमेरिका आणि चीनही होते आणि दोन्ही देशांवर अमेरिकी आयातशुल्काचा दबाव होता. ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला घोषणापत्रावर सह्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये भूसुरुंग फुटून थाई सैनिक जखमी झाले, थायलंडने अंमलबजावणी थांबवली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई होऊन महिनाअखेरीस पुन्हा शस्त्रसंधी झाली.

उत्तरात ‘आसियानने युद्ध थांबवलं’ असं लिहू नका आणि ‘आसियान निरुपयोगी ठरली’ असंही नको. बसायला जागा आणि यजमान आसियानने दिला, दाब बाहेरून आला, आणि सीमेवर सतत नजर ठेवणारी स्वतःची यंत्रणा मात्र २०११ प्रमाणेच कमी पडली.

९. सार्क बंद पडली का? आणि ती भारत-पाकिस्तान वाद का सोडवत नाही?

कागदावर सार्क जिवंत आहे. काठमांडूचं सचिवालय चालू आहे, दिल्लीत दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे. पण शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती. सप्टेंबरमध्ये उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला, भारताने जायला नकार दिला, बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननेही दिला, आणि परिषद रद्द झाली. एकाही सदस्याने नकार दिला तर परिषद होत नाही, असा तिथला रिवाज आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी सार्कची व्हिसा सवलतही रद्द केली.

दुसऱ्या भागाचं उत्तर सनदेतच आहे. ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सही झालेल्या सनदेचं दहावं कलम म्हणतं की सर्व निर्णय एकमताने होतील आणि द्विपक्षीय, वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर राहतील. सगळे छोटे शेजारी एकत्र येऊन आपल्याला घेरतील ही भारताची भीती होती. भारत आपल्या आकाराच्या जोरावर संघटना चालवील ही पाकिस्तानची. या कलमाशिवाय संघटना जन्मालाच आली नसती. त्यामुळे ‘सार्क काश्मीर प्रश्नात अपयशी ठरली’ हे विधान चूक आहे. ते काम तिला कधी दिलंच नव्हतं.

तरीही ती भांडणं हाताळत होती, सभागृहाबाहेर. जानेवारी २००२ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर उभी असताना काठमांडूच्या परिषदेत मुशर्रफ व्यासपीठावरून चालत वाजपेयींकडे आले आणि हात पुढे केला. त्याने लगेच काही सुटलं नाही. पण जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या सार्क परिषदेच्या निमित्ताने दोघे भेटले, ६ जानेवारीला संयुक्त निवेदन निघालं आणि त्यातून संवादाची प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. वाजपेयी केवळ मुशर्रफना भेटायला इस्लामाबादला गेले असते का? राजकीयदृष्ट्या ते फार अवघड होतं. सार्कची परिषद म्हणून जाता आलं. भेट मागण्याची नामुष्की कोणावरही न येता भेट घडवून आणणं, ही या संघटनेने दिलेली सोय होती आणि २०१४ नंतर ती गेली.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. दहशतवाद चालू असताना परिषदेला जाऊ नये, ही भूमिका मी समजू शकतो. पण त्याची किंमत नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव यांनीही मोजली आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो हिशेब कुणी मांडत नाही.

१०. बिमस्टेक किंवा शांघाय सहकार्य संघटना सार्कची जागा घेतील का?

बिमस्टेक १९९७ ची, सचिवालय ढाक्यात, सनद २०२४ मध्ये लागू झाली. बंगालच्या उपसागराभोवतीचे सात देश, त्यात पाकिस्तान नाही. सुरक्षा क्षेत्राची धुरा भारताकडे आहे. दळणवळण, वीज, आपत्ती यांत ती उपयोगी पडेल. पण ज्या दोघांचं सगळ्यांत मोठं भांडण आहे त्यातला एक खोलीतच नसेल तर ते भांडण तिथे हाताळलं जाणार नाही.

शांघाय संघटनेत २०१७ पासून भारत आणि पाकिस्तान दोघेही आहेत. तिचा उगम भांडण हाताळण्यातच आहे: १९९६ आणि १९९७ च्या करारांनी चीन, रशिया आणि मध्य आशियाई शेजाऱ्यांनी सीमेवरची सैन्यं कमी केली. मात्र द्विपक्षीय वाद तिथे आणायचे नाहीत असाच संकेत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला शिखर परिषद चालू असतानाच किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान सीमेवर लढत होते. त्यांचा सीमा करार मार्च २०२५ मध्ये झाला तो आपसातल्या वाटाघाटींनी. जून २०२५ मध्ये चीनमधल्या छिंगदाओला संरक्षणमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनावर राजनाथ सिंह यांनी सही केली नाही, कारण त्यात पहलगामचा उल्लेख नव्हता. सप्टेंबरमध्ये त्यानजिनच्या शिखर परिषदेच्या घोषणापत्रात तो आला. भाषेवरची ही झटापट क्षुल्लक समजू नका. अशा संघटनांमध्ये तीच लढाईची जागा असते.

११. माझे मिस्टर कंटेनर जहाजावर आहेत. न्हावा शेव्यातून निघून सिंगापूरकडे जातात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत चाचेगिरीवर शेजारी देश खरंच एकत्र काम करतात का?

हो, ताई, आणि हे यशाचं उदाहरण आहे. २००० च्या सुमारास ती सामुद्रधुनी धोकादायक मानली जात होती. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी २००४ मध्ये समन्वित गस्त सुरू केली, २००५ मध्ये हवाई टेहळणी जोडली, थायलंड २००८ मध्ये आला. प्रत्येक जहाज आपल्याच हद्दीत राहतं, माहिती मात्र पलीकडे देतं. त्यामुळे कोणाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराने या पाण्याला युद्धजोखमीच्या यादीत टाकलं होतं आणि ऑगस्ट २००६ मध्ये काढलं. विमा महागल्याने देशांना घाई झाली, हेही खरं.

शिवाय रीकॅप नावाचा आशियाई देशांचा करार आहे, २००६ पासून लागू. त्याचं माहिती केंद्र सिंगापूरला आहे. भारत सदस्य आहे आणि आपल्याकडून भारतीय तटरक्षक दल संपर्काचं काम पाहतं. मलेशिया आणि इंडोनेशिया औपचारिक सदस्य झाले नाहीत, तरी माहितीची देवाणघेवाण होते. अलीकडे सिंगापूरच्या सामुद्रधुनीत घटना होतात त्या बहुतांश रात्रीच्या चोऱ्या असतात, सुटे भाग वगैरे पळवण्याच्या, आणि सावकाश जाणारी मालवाहू जहाजं जास्त सापडतात. जहाजावर पहारा असतोच, पण काळजी वाटणं साहजिक आहे.

१२. आणि लाल समुद्र? तिथे अरब लीग का गस्त घालत नाही?

तिच्याकडे स्वतःचं नौदल नाही आणि येमेनबद्दल सदस्यांत एकवाक्यता नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अमेरिकेने आघाडी उभी केली, युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली नौदल मोहीम पाठवली, भारतीय नौदलाने स्वतंत्रपणे जहाजं तैनात केली. एका प्रदेशाची संघटना दुसऱ्या प्रदेशात काम करते याचं युरोपीय संघ हे उदाहरण आहे.

१३. देशाच्या आतलं भांडण असेल, बंड, सत्तापालट, तर शेजाऱ्यांना हात घालता येतो का?

संघटनेच्या सनदेवर अवलंबून आहे. आसियान आणि सार्कमध्ये जवळपास नाही. आफ्रिकी संघाच्या घटनेतलं कलम ४(ह) युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर हस्तक्षेपाचा हक्क देतं. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार चालू असताना जग बघत राहिलं, त्या शरमेतून हे कलम आलं.

ते कसोटीला लागलं बुरुंडीत. डिसेंबर २०१५ मध्ये आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने पाच हजारांची सेना पाठवायचं ठरवलं. बुरुंडीने नकार दिला, आणि जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्रप्रमुखांनी माघार घेतली. कलम होतं, धैर्य नव्हतं.

याउलट गांबिया. डिसेंबर २०१६ मध्ये याह्या जामेह निवडणूक हरले, आधी मान्य केलं, मग फिरले. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवासने मध्यस्थ पाठवले आणि सेनेगलच्या सीमेवर सैन्यही आणलं. १९ जानेवारी २०१७ ला विजयी उमेदवार अदामा बॅरो यांनी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, सैन्य आत शिरलं, आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले. रक्तपात जवळपास झालाच नाही. पण हाच इकोवास २०२३ मध्ये नायजरच्या सत्तापालटानंतर एका आठवड्याची मुदत देऊन आणि निर्बंध लादूनही तो सत्तापालट उलटवू शकला नाही. गांबिया चिमुकला, तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेला, आणि तिथे कायदेशीर राष्ट्राध्यक्ष मदत मागत होते. नायजर अवाढव्य, सैन्य तयारीत, आणि शेजारी माली व बुर्किना फासो उघडपणे लष्कराच्या बाजूने. परिणामांसाठी प्रश्न १८ पाहा.

१४. सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता सैन्य पाठवलं तर ते बेकायदेशीर ना?

कलम ५३ वाचलं तर हो. व्यवहारात पाणी मुरतं. ऑगस्ट १९९० मध्ये नायजेरियाच्या नेतृत्वाखाली इकोवासचं सैन्य लायबेरियात उतरलं तेव्हा परवानगी नव्हती. सुरक्षा परिषदेने नंतर, नोव्हेंबर १९९२ च्या ठरावात, त्या प्रयत्नांची प्रशंसा केली. गांबियाच्या वेळी ठराव २३३७ ने इकोवासला पूर्ण पाठिंबा दिला, पण बळ वापरण्याची स्पष्ट मुभा दिली नाही; तिथे आधार होता तो बॅरो यांच्या विनंतीचा. निमंत्रण असेल तर ती बळजबरीची कारवाई ठरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. निमंत्रण देणारा खरोखर देशाचा प्रमुख आहे का, यावर सगळं अवलंबून राहतं.

१५. एकाच भांडणात दोन संघटनांचं मत उलटसुलट असेल तर?

लिबिया, मार्च २०११, गद्दाफींच्या राजवटीविरुद्ध बंड पेटलेलं. लिबिया अरब लीगचाही सदस्य आणि आफ्रिकी संघाचाही. १० तारखेला आफ्रिकी संघाने परकी लष्करी हस्तक्षेप नको म्हणत वाटाघाटींचा आराखडा मांडला. १२ तारखेला अरब लीगने उड्डाणबंदी क्षेत्राची मागणी केली. १७ तारखेला सुरक्षा परिषदेने ठराव १९७३ मंजूर केला, अरब लीगच्या मागणीचा आधार घेत. परिषदेत असलेल्या तिन्ही आफ्रिकी देशांनीही बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला. कोणत्या प्रादेशिक आवाजाला ‘प्रदेशाचा आवाज’ मानायचं याचा नियम सनदेत नाही. ज्यांच्या हाती बळ आहे त्यांना सोयीचा आवाज निवडता येतो, आणि आफ्रिकी संघाच्या मनात ती सल आजही आहे.

१६. संघटनेतला सगळ्यांत मोठा देशच भांडत असेल तर?

तर नियम काय आहेत ते निर्णायक ठरतं. ओएससीईची निरीक्षक मोहीम युक्रेनमध्ये मार्च २०१४ पासून होती. निर्णय सर्वसहमतीने, म्हणून २०२२ मध्ये रशियाने मुदतवाढ अडवली आणि ३१ मार्चला मोहीम संपली. नेमकी जेव्हा सर्वांत जास्त गरज होती तेव्हा.

आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेत १५ सदस्य आहेत, नकाराधिकार कोणालाच नाही, सहमती झाली नाही तर दोन तृतीयांश मतांनी ठरवता येतं, आणि भांडणात पक्ष असलेला सदस्य निर्णयात भाग घेत नाही. कागदावर जगातली ही सगळ्यांत धीट रचना आहे.

१७. मुख्य परीक्षेत ‘प्रादेशिक संघटनांच्या यशापयशाचं मूल्यमापन करा’ असं आलं तर काय लिहू?

संघटनांची जंत्री नको. एक-दोन भांडणं घ्या आणि त्यांना चार प्रश्न विचारा: निर्णय मताने की एकमताने (प्रश्न १६), पैसे कोणाचे (६), देशाच्या आत शिरायची मुभा आहे का (१३), आणि भांडण चालू असतानाही सदस्य एका खोलीत बसत राहिले का (७ आणि ९). चौथ्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वजन देतो. थांबलेली युद्धं मोजणं सोपं असतं, पण ज्या संघटनेची बैठकच होत नाही तिचे बाकीचे तीनही गुण पडून राहतात.

१८. एखाद्या देशाला निर्णय आवडला नाही तर तो सोडून जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःची साहेल आघाडी केली, जानेवारी २०२४ मध्ये इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २९ जानेवारी २०२५ ला ते अधिकृतपणे बाहेर पडले. इकोवासने फेब्रुवारी २०२४ मध्ये नायजरवरचे बरेचसे निर्बंध उठवले होते. तोवर उशीर झाला होता. मुक्त प्रवास आणि व्यापार यांवर लाखो लोकांची पोटं अवलंबून असल्याने दोन्ही बाजूंनी व्यवहार चालू ठेवण्याच्या वाटाघाटी कराव्या लागल्या.

निलंबन ही वेगळी गोष्ट: तिथे संघटना देशाला बाहेर बसवते. इस्रायलशी करार केल्याबद्दल अरब लीगने १९७९ मध्ये इजिप्तला निलंबित केलं, मुख्यालय कैरोहून ट्युनिसला नेलं, आणि १९८९ मध्ये इजिप्तला परत घेतलं. सीरिया नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर गेला, मे २०२३ मध्ये परत आला. मोरोक्कोने, तो ज्यावर हक्क सांगतो त्या पश्चिम सहाराच्या प्रश्नावरून, १९८४ मध्ये आफ्रिकी एकता संघटना स्वतःहून सोडली. तो जानेवारी २०१७ मध्ये तिच्या उत्तराधिकारी आफ्रिकी संघात परतला. पश्चिम सहाराचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता आणि तिथलं सहरावी प्रजासत्ताकही त्याच संघाचं सदस्य होतं.